सोटो गेला, तरी विजय तेवढेच. मात्र यांकीजचा तिसरा बेस महागात पडला

न्यूयॉर्क यांकीज या बेसबॉल संघाने २०२४ च्या मोसमात ९४ सामने जिंकले. २०२५ मध्येही नेमके तेवढेच. मधल्या हिवाळ्यात मात्र ॲरॉन जजखालोखालचा फलंदाज हुआन सोटो संघाने गमावला होता. शहरातीलच मेट्स संघाने त्याला १५ वर्षांसाठी ७६ कोटी ५० लाख डॉलर, म्हणजे सुमारे साडेसहा हजार कोटी रुपये, देऊ केले. सोटोने ४३ होमरन फटकावले, तरीही मेट्सचे विजय ८९ वरून ८३ वर आले आणि संघ बाद फेरीबाहेर राहिला. एका खेळाडूत इतका पैसा गुंतवावा की तो वाटून खर्च करावा, हा प्रश्न २०२५ च्या मोसमानंतरच्या खरेदी-हंगामातही कायम होता.

आयपीएलच्या २०२५ च्या मोसमासाठी प्रत्येक संघाला १२० कोटी रुपयांची पक्की मर्यादा होती. अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये लिलाव नाही आणि खर्चावर कमाल मर्यादाही नाही. आहे तो कर. २०२५ मध्ये वेतनखर्च २४ कोटी १० लाख डॉलरपुढे गेला की तो लागू होत असे. यांकीजसारख्या वर्षानुवर्षे मर्यादा ओलांडणाऱ्या संघाला ३० कोटी १० लाखांपुढच्या प्रत्येक डॉलरवर १ डॉलर १० सेंट कर पडत असे. त्या पातळीवर चुकीच्या खेळाडूची किंमत दुपटीहून अधिक होते.

सोटोचा निर्णय कळल्यानंतर महाव्यवस्थापक ब्रायन कॅशमन यांनी दोन आठवड्यांत संघाची नवी जुळणी केली. पिचर मॅक्स फ्रीडशी आठ वर्षांचा २१ कोटी ८० लाख डॉलरचा करार झाला. शिकागो कब्जकडून कोडी बेलिंजर आला, तर अनुभवी पॉल गोल्डश्मिटला एका वर्षासाठी १ कोटी २५ लाख डॉलर देण्यात आले. २०२४ च्या वर्ल्ड सिरीजमधील अखेरच्या सामन्यात यांकीजने ५-० ची आघाडी ढिसाळ क्षेत्ररक्षणामुळे घालवली होती. बेलिंजर आणि गोल्डश्मिट हे दोघेही क्षेत्ररक्षणासाठी नावाजलेले. खर्च वाटण्याचा हा हिशेब बहुतांशी बरोबर ठरला. फ्रीडने १९ विजय मिळवले, बेलिंजरने २९ होमरन. प्रमुख पिचर गेरिट कोल कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे संपूर्ण मोसमाला मुकूनही संघ टिकला, याचे मोठे श्रेय फ्रीडला जाते.

चुकली ती अदलाबदल. सामन्याच्या शेवटी आघाडी राखणारा पिचर डेव्हिन विल्यम्स मिलवॉकी ब्रुअर्सकडून मिळवण्यासाठी यांकीजने नेस्टर कोर्टेससोबत केलेब डर्बिन हा नवोदित दिला. विल्यम्सच्या कराराचे एकच वर्ष उरले होते. डर्बिनवर मात्र ब्रुअर्सला अनेक वर्षांचा हक्क मिळाला, तोही अल्प वेतनात. विल्यम्सने एप्रिलमध्येच ती जबाबदारी गमावली. डर्बिन मिलवॉकीत तिसऱ्या बेसवर स्थिरावला आणि नॅशनल लीगच्या सर्वोत्तम नवोदिताच्या मतदानात तिसरा आला. त्याच्या संघाचे ९७ विजय लीगमध्ये सर्वाधिक होते.

न्यूयॉर्कमध्ये नेमका तिसरा बेसच रिकामा पडला. अखेर जुलैत कोलोरॅडोकडून रायन मॅकमॅहनला आणावे लागले. त्यासाठी दोन तरुण पिचर दिले आणि पुढील दोन वर्षांचे ३ कोटी २० लाख डॉलरचे वेतनही अंगावर घेतले. डर्बिन न्यूयॉर्कच्या दडपणाखाली तसाच खेळला असता, असे ठामपणे म्हणता येणार नाही. परंतु हाताशी असलेला स्वस्त पर्याय देऊन तीच जागा महाग दराने भरावी लागली, हे हिशेबातून लपत नाही.

२०२५ च्या मोसमानंतर विल्यम्स करारमुक्त झाला. बेलिंजरने उरलेल्या वर्षाचे अडीच कोटी डॉलर नाकारून बाजारात उतरणे पसंत केले. ट्रेंट ग्रिशमने मात्र सुमारे २ कोटी २० लाख डॉलरचा एक वर्षाचा प्रस्ताव स्वीकारला. २०२३ मध्ये सोटोच्या सौद्यात जोडीला आलेला, फारशी अपेक्षा नसलेला हा खेळाडू २०२५ मध्ये ३४ होमरन करून गेला. असा लाभ कोणत्याही नियोजनात लिहिलेला नसतो. खेळाडू आणि मालक यांच्यातील सामूहिक करार १ डिसेंबर २०२६ रोजी संपत असून कराचे नियम तेव्हा बदलू शकतात. बेलिंजरला किती वर्षांचा करार द्यायचा, हे यांकीजला त्याआधीच ठरवायचे होते.