मित्रबुरशी आणि शासनाचे कर्तव्य

हरभरा-तुरीच्या मर रोगाची बुरशी जमिनीत वर्षानुवर्षे टिकते. पानांवरील फवारणी तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. तिला आवर घालते ती ट्रायकोडर्मा ही मातीतलीच मित्रबुरशी. पेरणीपूर्वी किलोभर बियाण्यास ४-५ ग्रॅम चोळावी, एवढाच खटाटोप. परंतु ही भुकटी सजीव आहे. तापलेल्या दुकानात महिनोन्महिने पडून राहिलेल्या पुडीतील जीव मरतो, रंगरूप मात्र तेच राहते. कोरडवाहू शेतकऱ्यास फसवणूक कळते ती पीक वाळल्यावर.

पुण्यानजीक पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला, तो बुरशीपासून मिळणारे पेनिसिलीन सामान्य रुग्णास परवडावे म्हणून. माणसांसाठी जे शक्य झाले, ते पिकांसाठी अशक्य का मानावे? ताजी, तपासलेली पुडी तालुक्यातालुक्यात पुरविणे ही शासनाचीच जबाबदारी आहे.