श्रद्धेपासून ढळलेले आणि त्यांची मंडळी

श्रद्धेपासून दुरावलेला माणूस पुन्हा तिच्याकडे वळतो तेव्हा ती गोष्ट केवळ त्याच्यात आणि देवात घडते, असे आज सर्वसाधारणपणे मानले जाते; धर्म ही प्रत्येकाची खाजगी बाब आहे ही आधुनिक समजूत त्याच्या मुळाशी असते. ख्रिस्ती परंपरेच्या आरंभीच्या शतकांचा इतिहास या समजुतीला पुष्टी देत नाही. त्या काळी ढळलेल्याला परत आणणे हे मंडळीचे, म्हणजे एखाद्या नगरातील श्रद्धावंतांच्या संपूर्ण समुदायाचे, काम मानले जाई. आणि मंडळीने हे काम जेव्हा अंगाबाहेर टाकले, तेव्हा परतणाऱ्याची वाट अरुंद झाली, असेच हा इतिहास पाहता म्हणावे लागते.

हा प्रश्न सर्वांत तीव्रतेने उभा राहिला तो इ. स. २५० मध्ये. रोमन सम्राट डेसियस याने साम्राज्यातील रहिवाशांनी देवतांना बळी अर्पण करावा आणि तसे केल्याचा दाखला अधिकाऱ्यांकडून घ्यावा, असा हुकूम काढला. पपायरसवर लिहिलेले असे चाळीसहून अधिक दाखले इजिप्तमध्ये सापडले असून, आपण देवतांना नेहमीच भजत आलो आहोत आणि आताही अधिकाऱ्यांसमक्ष बळी अर्पून त्याचे मांस चाखले आहे, असे अर्जदार त्यांत नमूद करतो. हुकूम मोडणाऱ्यांना तुरुंगवास, हद्दपारी, छळ आणि काहींना मृत्यूही भोगावा लागला. परंतु कितीतरी ख्रिस्ती लोकांनी भीतीपोटी हुकूम पाळला. कोणी प्रत्यक्ष बळी दिला, कोणी वेदीवर चिमूटभर धूप टाकला, तर कोणी बळी न देताच पैसे चारून दाखला मिळवला. या सर्वांना मिळून ‘लाप्सी’, म्हणजे पतित, असे नाव पडले. पुढच्याच वर्षी डेसियस गॉथ लोकांशी लढताना मारला गेला, छळ ओसरला आणि यांतील पुष्कळजण मंडळीच्या दाराशी परत आले.

त्यांचे काय करायचे याची दोन सोपी उत्तरे त्या वेळी पुढे आली. उत्तर आफ्रिकेतील कार्थेज नगरीत, छळ सोसूनही न डगमगलेल्या कबुलीदारांनी, म्हणजे तुरुंगात जाऊन श्रद्धा उघडपणे कबूल करणाऱ्यांनी, पतितांना शिफारसपत्रे देण्यास सुरुवात केली. त्यांच्या यातनांमुळे लोकांत त्यांच्याविषयी अपार आदर होता, त्यामुळे या पत्रांच्या बळावर पतितांना प्रायश्चित्ताशिवाय प्रभुभोजनात, म्हणजे ख्रिस्ताच्या स्मरणार्थ होणाऱ्या भाकर व द्राक्षारसाच्या विधीत, घ्यावे अशी मागणी होऊ लागली. काही पत्रांत तर ‘अमुक व त्याची माणसे’ एवढाच मोघम उल्लेख असे. याउलट रोममध्ये नोव्हेशियन नावाच्या विद्वान धर्मगुरूने, श्रद्धा नाकारणाऱ्याला देव क्षमा करील तर करो, मंडळीने त्याला पुन्हा कधीही आत घेऊ नये, अशी कठोर भूमिका घेतली आणि रोमचा बिशप कॉर्नेलियस याच्याविरुद्ध स्वतःलाच बिशप करवून घेतले. वरकरणी ही दोन टोके आहेत, पण दोहोंतील दोष एकच आहे. पत्राने प्रवेश द्यायचा किंवा दार कायमचे लावायचे, कोणत्याही मार्गाने गेले तरी त्या माणसाची विचारपूस करण्याचे, त्याच्यासोबत थांबण्याचे, त्याच्यासाठी उपास धरण्याचे मंडळीचे कष्ट वाचतात.

कार्थेजचा बिशप सिप्रियन याचे मोठेपण असे की त्याने हे कष्ट वाचू दिले नाहीत. छळाच्या काळात तो स्वतः अज्ञातवासात राहिला होता आणि त्याबद्दल त्याच्यावर टीकाही झाली होती. तरीही परतल्यावर २५१ मध्ये त्याने आफ्रिकेतील बिशपांची परिषद भरवली आणि प्रत्येक पतिताची स्वतंत्र चौकशी व्हावी असे ठरवून घेतले. धर्मबंधू अँटोनियानस याला लिहिलेल्या पत्रात तो विचारतो की, हुकूम ऐकताच वेदीकडे धावत गेलेला आणि दीर्घकाळ झुंजून अखेर मोडलेला, बायकामुलांनाही सोबत ओढून नेणारा आणि स्वतः पुढे होऊन त्यांना वाचवणारा, या सर्वांना एकाच मापाने कसे मोजावे? नुसता दाखला घेतलेल्यांना चौकशीनंतर परत घेण्याचे ठरले. ज्यांनी बळी दिला होता त्यांना दीर्घ प्रायश्चित्त सांगण्यात आले आणि मृत्यू समोर दिसत असेल तर प्रभुभोजन नाकारू नये असे ठरले. पुढे सम्राट गॅलसच्या काळात नव्या छळाची चाहूल लागताच सिप्रियन व त्याचे सहकारी आणखी पुढे गेले आणि प्रायश्चित्त करीत असलेल्यांना त्यांनी सरसकट आत घेतले. ज्याला ख्रिस्ताचे रक्त प्यायला देत नाही त्याने ख्रिस्तासाठी रक्त सांडावे असे कोणत्या तोंडाने सांगायचे, हा त्यांचा युक्तिवाद होता. पतिताला पुन्हा उभे राहण्याचे बळ मंडळीत परतल्यावर मिळते, ते आधी सिद्ध करून मग परतायचे नसते, ही सिप्रियनच्या विचारातील सर्वांत मोलाची गोष्ट होय.

प्रायश्चित्ताचे प्रत्यक्ष स्वरूपही ध्यानात घेण्यासारखे आहे. ३२५ च्या नायसिया येथील परिषदेने, बळजबरी नसताना ढळलेल्यांसाठी तीन वर्षे केवळ श्रवण, सात वर्षे गुडघे टेकून प्रार्थना आणि दोन वर्षे प्रभुभोजनाशिवाय उपासनेत सहभाग असा बारा वर्षांचा क्रम लावला. हा काळ आजच्या वाचकाला निष्ठुर वाटेल, आणि तो होताही. परंतु पाचव्या शतकातील इतिहासकार सोझोमेन रोममधील प्रथेचे जे वर्णन करतो त्यावरून या कठोरतेची दुसरी बाजू दिसते: प्रायश्चित्त करणारे विलाप करीत जमिनीवर पडत, तेव्हा समोरून बिशप येऊन तोही रडत त्यांच्याजवळ पालथा पडे आणि सारा समुदाय अश्रू ढाळी. दोषी एकटा उभा आणि बाकीचे न्यायाधीश, असे हे दृश्य नव्हते. अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिशियस याने सेरापियन नावाच्या एका वृद्ध पतिताची हकिकत लिहून ठेवली आहे. मरणशय्येवरील सेरापियनने रात्री नातवाला धर्मगुरूकडे पाठवले. धर्मगुरू स्वतः आजारी असल्याने त्याने प्रसादाच्या भाकरीचा तुकडा त्या मुलाजवळच दिला, आणि मुलाने तो भिजवून आजोबांच्या तोंडात घातल्यावर त्यांनी प्राण सोडला. संस्कार पोहोचवण्याचे काम एका लहान मुलाकडेही जाऊ शकत होते, इतकी ती जबाबदारी सर्वांची होती.

समुदायाने परत घेतल्याशिवाय परतणे पुरे होत नाही, हा अनुभव केवळ ख्रिस्ती समाजाचा नाही. १८४३ मध्ये मुंबईत मिशनऱ्यांकडे राहिलेल्या श्रीपत शेषाद्री या ब्राह्मण मुलाला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे यासाठी बाळशास्त्री जांभेकर झटले, आणि सनातनी मंडळींचा रोष त्यांनी ओढवून घेतला. परतू पाहणाऱ्याच्या बाजूने उभे राहणाऱ्यालाही किंमत मोजावी लागते, हे त्या प्रकरणातून मराठी समाजाने पाहिले आहे.

सार्वजनिक प्रायश्चित्ताची पद्धत पुढे मोडली, कारण ते आयुष्यात एकदाच मिळत असल्याने लोक ते म्हातारपणापर्यंत लांबवीत. आयर्लंडच्या मठवासीयांनी रुजवलेली खाजगी पापनिवेदनाची रीत अधिक मायेची होती, कारण ते पुन्हा पुन्हा करता येई आणि त्यात चारचौघांत मानहानी नव्हती. १२१५ च्या लॅटरन परिषदेने तर वर्षातून एकदा पापनिवेदन सक्तीचेच केले. मात्र या बदलात मंडळी दृश्यातून निघून गेली, ही हानी लहान मानता येणार नाही. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन वेस्लीच्या मेथडिस्ट चळवळीने ती काही अंशी भरून काढली, तीही जवळजवळ योगायोगाने. १७४२ मध्ये ब्रिस्टल येथील सभागृहाचे कर्ज फेडण्यासाठी सुमारे बाराजणांच्या गटामागे एक प्रमुख नेमून दर आठवड्याला माणशी एक पेनी गोळा करण्याचे ठरले. घरोघर जाताना प्रमुखांना कोण खचले आहे, कोण व्यसनात अडकले आहे, हे कळू लागले, आणि वेस्लीने त्या वर्गणीच्या फेरीलाच परस्परांच्या आत्मिक देखभालीचे रूप दिले.

आजचा माणूस बहुधा छळामुळे ढळत नाही. नोकरीसाठी नव्या शहरात किंवा नव्या देशात गेल्यावर त्याची उपासनेतील गैरहजेरी कोणाच्या लक्षात येत नाही आणि तो नकळत दूर जातो. अशा माणसाला ब्रिस्टलच्या त्या साप्ताहिक भेटीची गरज सर्वांत अधिक आहे. याहून अवघड प्रश्न आहे तो चर्चमधील अत्याचारामुळेच श्रद्धा सोडून गेलेल्यांचा, कारण तेथे पतित कोण हेच बदलते. पोप फ्रान्सिस यांनी ऑगस्ट २०१८ मध्ये लैंगिक अत्याचारांच्या संदर्भात सर्व कॅथलिक जनतेला उद्देशून पत्र लिहिले आणि प्रार्थना व उपास यांद्वारे प्रायश्चित्त करण्याचे आवाहन संपूर्ण समुदायाला केले. तिसऱ्या शतकातील तत्त्वच येथे उलट दिशेने लागू होते: अशा वेळी प्रायश्चित्ताच्या रांगेत मंडळीने उभे राहायचे आहे, तेही एखाद्या पत्राच्या वाचनापुरते नव्हे तर त्या त्या गावच्या चर्चमध्ये, दुखावलेल्या माणसाला दिसेल असे, आणि मंडळीला पुन्हा आपले मानायचे की नाही हे ठरवण्याचा अधिकार दूर गेलेल्या त्या माणसाचा आहे.