अभेद्यतेचा भ्रम

‘इंटरनेटचे जाळे अणुयुद्धातही तुटणार नाही’ हे वचन सुशिक्षितांच्या तोंडी इतके रुळले आहे, की त्यावर शंका घेणारा मागासलेला ठरावा. एक वाट बंद पडली तर संदेश दुसऱ्या वाटेने जातो, एवढेच त्यात तथ्य आहे. पण वाटाच मोजक्या असतील तर?

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियन फौजा युक्रेनमध्ये घुसल्या. त्याच्या सुमारे एक तास आधी ‘के-ए-सॅट’ उपग्रहाच्या सेवेवर हल्ला झाला. उपग्रहाला धक्काही लागला नाही. निकामी झाले ते जमिनीवरील हजारो मोडेम. जर्मनीतील सुमारे ५,८०० पवनचक्क्यांचा दूरनियंत्रणाशी असलेला संबंध तुटला. जर्मनी तर या युद्धात उतरलाही नव्हता!

पुढे युक्रेनने स्टारलिंकचा आधार घेतला. क्रिमियाजवळ ती सेवा सुरू करण्याची विनंती आपण नाकारली, असे ईलॉन मस्क यांनी २०२३ साली स्वतःच सांगितले. तो निर्णय योग्य की अयोग्य, हा वाद निराळा. राष्ट्राच्या जीवनमरणाचा प्रसंग एका उद्योगपतीच्या मर्जीवर सोपवावा काय, हा खरा प्रश्न आहे.

शिवाय, खंडाखंडांतील बहुतेक संदेश आकाशातून नव्हे, तर समुद्रतळाच्या केबलींतून जातात. फेब्रुवारी २०२४ मध्ये हूथींच्या क्षेपणास्त्राने जायबंदी झालेले ‘रुबीमार’ जहाज तांबड्या समुद्रात भरकटले. त्याच्या फरपटणाऱ्या नांगरानेच तेथील तीन केबली तुटल्या, असे मानले जाते. मुंबईहून युरोपकडे जाणाऱ्या केबलीही याच चिंचोळ्या समुद्रातून जातात. परदेशी असलेल्या मुलाबाळांशी आपले रोजचे बोलणे किती बारीक धाग्यावर तोलले आहे, हे यावरून ओळखावे.

‘कायदा आहे ना!’ असे कोणी म्हणेल. आहे, १८८४ चा पॅरिस करार. पण त्याचे पंधरावे कलम युद्धमान राष्ट्रांना मोकळीक देते. ५ ऑगस्ट १९१४ रोजी, म्हणजे युद्ध पुकारल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ब्रिटनने जर्मनीच्या केबली तोडल्या.

युद्धाला मर्यादा घालता येत नाही, हा युक्तिवाद मात्र मान्य करता येणार नाही. १८६४ च्या जिनिव्हा कराराने रणांगणावरील रुग्णालयांना संरक्षण दिलेच ना? तेच संरक्षण नागरिकांच्या केबलींना व त्या दुरुस्त करणाऱ्या जहाजांना मिळावे, असा आग्रह भारताने धरला पाहिजे. तोवर रुग्णालये, बँका व शाळांनी कागदी नोंदी मोडीत काढू नयेत. घरातला रेडिओही भंगारात देऊ नये. याला मागासलेपण म्हणणाऱ्यांनी युक्रेनमधील त्या पहाटेचा विचार करावा.