सूचीतले तीन भीमसेन

घरच्या संगणकावर जेलीफिनसारखा सर्व्हर बसवून गाण्यांचा संग्रह त्याच्या स्वाधीन केला, की तो फाइली चाळून सूची सिद्ध करतो. या सूचीत भीमसेन जोशी अनेकदा तीन ठिकाणी भेटतात: ‘पं.’, ‘पंडित’ आणि नुसते. सर्व्हर बिघडला, असे आपण म्हणतो. वस्तुतः तो गाणे ऐकतच नाही; फाइलीतले टॅग वाचतो, आणि अक्षरे जुळली नाहीत की कलावंत निराळा मानतो.

१९०२ साली गौहर जान ध्वनिमुद्रणाच्या अखेरीस स्वतःचे नाव इंग्रजीत पुकारीत, ते जर्मनीत तबकडीवर योग्य लेबल लागावे म्हणून. आज ते पुकारणे टॅगात लिहावे लागते, एवढाच फरक.

म्हणून आधी ‘आर्टिस्ट’ व ‘अल्बम आर्टिस्ट’ या रकान्यांत नावाचे एकच रूप ठरवावे, मगच पुन्हा स्कॅन करावे. हे काम तंत्रज्ञाचे कमी, पाठचिकित्सकाचे अधिक. (उपाधी गाळण्यात अनादर नाही, ग्रंथालये तेच करतात.) खरी अडचण रागाची. त्याला प्रमाणित रकानाच नाही. माझ्या मते तो ‘जॉनर’मध्ये लिहावा, ‘शास्त्रीय’ हा शब्द तिथे काहीच सांगत नाही. ‘भूप’ उघडला की किशोरीताईंच्या ‘सहेला रे’शेजारी इतर घराण्यांचे भूप येऊन बसतात.