भरतीचे वचन आणि वसुलीची नोटीस

ऑक्टोबर २०१६ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात एक विलक्षण प्रकार उजेडात आला. इराक आणि अफगाणिस्तान येथील युद्धांत मनुष्यबळाची टंचाई भासू लागली, तेव्हा तेथील नॅशनल गार्ड या राखीव दलाने सैनिकांना १५ हजार डॉलर व त्याहूनही अधिक बोनस देऊन पुन्हा करारबद्ध करून घेतले होते. सैनिकांनी सह्या केल्या. अनेकजण पुन्हा रणभूमीवर गेले, काही जायबंदी होऊन परतले. पुढे हिशेबतपासनिसांना असे आढळले की, हा बोनस ठराविक निकडीच्या जागांपुरताच मर्यादित असताना तो सरसकट वाटला गेला. मग सुमारे दहा हजार सैनिकांना रक्कम परत करण्याचे हुकूम निघाले. ज्यांनी नकार दिला त्यांच्यामागे व्याज लागले, पगाराची कपात लागली, मालमत्तेवर बोजे चढले. बोनसचे काम पाहणाऱ्या एका अधिकारी महिलेने १ कोटी ५२ लाख डॉलरचे खोटे दावे सादर केल्याचे २०११ सालीच न्यायालयात कबूल केले होते व तिला ३० महिन्यांची शिक्षाही झाली होती. अपराध कचेरीत घडला आणि दंड मात्र खंदकातून परतलेल्याच्या माथी आला.

बोभाटा झाल्यावर तत्कालीन संरक्षणमंत्री अ‍ॅश्टन कार्टर यांनी वसुली थांबविली आणि त्याच वर्षअखेरीस अमेरिकी काँग्रेसने कायद्यात तरतूद केली. आपण बोनसला पात्र नाही हे सैनिकाला ठाऊक होते, किंवा ठाऊक असावयास हवे होते, असा पुरावा नसेल तर रक्कम वसूल करू नये, असा तिचा आशय होता. बहुतेकांची सुटका झाली. तथापि वृत्तपत्रांनी आवाज उठविला नसता तर वसुलीचे यंत्र असेच चालू राहिले असते, हे विसरता येत नाही.

हा एका राज्यातील अपवाद म्हणून सोडून देण्याजोगा प्रश्न नाही. अमेरिकेत सक्तीची सैन्यभरती १९७३ साली बंद झाली आणि तेव्हापासून तेथील सैन्य स्वेच्छेने येणाऱ्या तरुणांवर उभे आहे. सामान्य घरातील मुलाला वा मुलीला तेथे महाविद्यालयाचा खर्च झेपत नाही. भरती-अधिकारी नेमका तोच धागा पकडतो. देशप्रेम खोटे असते असे नव्हे. पण देशप्रेमाच्या जोडीला फीची विवंचना असते. म्हणून शिक्षणाचा लाभ हे स्वेच्छा सैन्यात बक्षीस राहत नाही. तो वेतनाचाच एक भाग होतो. वेतन बुडविणे आणि बक्षीस नाकारणे यांत जो फरक आहे, तोच या साऱ्या वादाच्या मुळाशी आहे.

या लाभाची परंपरा मोठी आहे. २२ जून १९४४ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ज्या कायद्यावर सही केली, तो ‘जीआय बिल’ या नावाने ओळखला जातो. त्याने दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना वर्षाला ५०० डॉलरपर्यंत फी आणि वर निर्वाहभत्ता दिला. सुमारे ७८ लाख सैनिकांनी शिक्षणाचा अथवा प्रशिक्षणाचा लाभ घेतला आणि १९४७ साली महाविद्यालयांतील जवळजवळ निम्मे विद्यार्थी माजी सैनिक होते. दक्षिणेतील कृष्णवर्णीय सैनिकांच्या पदरात मात्र त्यातले फार थोडे पडले. कायद्याच्या अक्षरात भेद नव्हता; भेद अंमलबजावणी करणाऱ्या हातांत होता. वचन देणारा एक आणि ते पाळणारा दुसरा, ही अडचण आरंभापासूनचीच आहे.

ती पुढे वाढत गेली. १९८० च्या दशकातील माँटगोमेरी योजनेत सैनिकाच्या पगारातून दरमहा १०० डॉलर याप्रमाणे वर्षभरात १२०० डॉलर कापून घेतले जात. सेवेची मुदत पुरी केली, पण निवृत्तीच्या दाखल्यावर ‘सन्मानपूर्वक’ ऐवजी त्याखालची श्रेणी पडली, तर शिक्षणाचा लाभ जाई आणि कापलेली रक्कमही परत मिळत नसे. २००७ साली इराकमधून परतलेल्या मिनेसोटा नॅशनल गार्डच्या हजाराहून अधिक सैनिकांना आपल्या हुकमात ७२९ दिवसांची सेवा लिहिलेली आढळली. वाढीव शिक्षणलाभाला ७३० दिवस लागत होते! हा योगायोग होता की हिशेब होता, याचा निवाडा वाचकाने करावा. २०१८ साली नव्या कायद्यानुसार घरभाड्याचा भत्ता मोजावयाचा, तर सरकारी संगणकयंत्रणाच कोलमडली आणि हजारो विद्यार्थी-सैनिक ऐन सत्रात भत्त्याची वाट पाहत बसले.

याविरुद्ध सरकारी बाजू अशी मांडली जाते की, सार्वजनिक तिजोरी कोणा कारकुनाच्या वा भरती-अधिकाऱ्याच्या शब्दाने बांधली जाऊ शकत नाही. पैसा द्यावयाचा तो कायद्याप्रमाणेच. हा युक्तिवाद पोकळ नाही. सैनिकाचे वेतन खासगी कराराच्या नियमांनी नव्हे, तर कायद्याने ठरते, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६१ सालीच सांगितले आहे. आजन्म मोफत वैद्यकीय उपचारांचे आश्वासन मिळालेले वृद्ध सैनिक न्यायालयात गेले, तेव्हा २००२ साली तेथील अपील न्यायालयाने आश्वासन दिले गेले हे मान्य करूनही, ते देण्याचा अधिकार भरती-अधिकाऱ्यांना नव्हता म्हणून दावा फेटाळला. भरतीच्या करारपत्रातही स्पष्ट लिहिलेले असते की, लिखित नसलेले कोणतेही वचन बांधील नाही आणि पगार, भत्ते, लाभ यांचे नियम पूर्वसूचनेविना बदलू शकतात.

परंतु हा तर्क एकाच दिशेने चालतो, हे त्याचे वैगुण्य आहे. सैनिक मुदतीआधी बाहेर पडला तर उरलेल्या काळाचा बोनस त्याच्याकडून वसूल होतो. त्याच्या बाजूने करार पक्का. सरकारच्या बाजूने मात्र तोच करार बदलत्या नियमांच्या अधीन! अठरा वर्षांच्या मुलाने बारीक टाइपातील प्रत्येक कलम वाचून सही करावी, अशी अपेक्षा धरणाऱ्यांनी तेच कलम आपल्या अधिकाऱ्याने वाचले होते की नाही, याचीही जबाबदारी घ्यावयास हवी. प्रतिनिधीच्या चुकीचा भार प्रतिनिधी नेमणाऱ्याने सोसावा, ही साधी व्यवहारनीती आहे. दुकानदारालाही ती लागू होते.

न्यायालयाने अलीकडे थोडा तोल सावरला आहे. लष्करात तीनदा वेगवेगळ्या काळात सेवा केलेले जेम्स रुडिसिल यांना धर्मशास्त्राचे पुढील शिक्षण घ्यावयाचे होते. दोन कायद्यांखाली मिळविलेले लाभ मिळून ४८ महिने होतात, असे त्यांचे म्हणणे. माजी सैनिक खाते ३६ महिन्यांवर अडून बसले. १६ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी रुडिसिल यांचा हक्क मान्य केला. मात्र प्रत्येक सैनिकाला सर्वोच्च न्यायालयाची पायरी गाठणे शक्य नसते, आणि गाठेपर्यंत शिकण्याचे वय निघून जाते.

भारतानेही यातून काही शिकण्यासारखे आहे. २०२२ साली जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत चार वर्षांच्या सेवेअंती सुमारे ११ लाख ७१ हजार रुपयांचा सेवानिधी आहे. त्यातील निम्मा वाटा अग्निवीराच्याच पगारातून कापलेला असतो. निवृत्तिवेतन नाही आणि सैन्यात कायम होणार ते फार तर चौथा हिस्सा. बाकीच्यांना पदवी आणि नोकऱ्यांतील प्राधान्य यांविषयी अनेक घोषणा ऐकविल्या गेल्या. सातारा-कोल्हापूरकडील गावांतून पहाटे धावण्याचा सराव करणाऱ्या मुलांना व्यासपीठावरील घोषणा कोणती आणि नियमातील हक्क कोणता, हे सही करण्यापूर्वी त्यांच्या भाषेत लिहून मिळाले पाहिजे.

उपाय अवघड नाहीत. पात्रतेची तपासणी सहीपूर्वीच व्हावी. एकदा रक्कम दिली आणि सेवा घेतली की, सैनिकाची लबाडी सिद्ध झाल्याखेरीज वसुली नसावी. आणि सिद्ध करण्याचा भार सरकारवर असावा. सैनिक आपल्या वाट्याचे वचन प्रथम पाळतो आणि सरकारच्या वचनाची पूर्तता मागाहून होते. ज्याला आधी द्यावे लागते, त्याचे संरक्षण करणे हेच कायद्याचे काम आहे.