चाकोरीचा मान

बैलगाडीची चाके वर्षानुवर्षे एकाच वाटेने फिरली, म्हणजे जमिनीवर दोन समांतर खाचा पडतात. त्यांना चाकोरी म्हणतात. हा शब्द शेतवाटेवरून माणसाच्या आयुष्यात शिरला आणि तेथे त्याला थोडा कमीपणा आला. रुळलेल्या मार्गाने जाणाऱ्याला लोक चाकोरीतला माणूस म्हणतात. नवी वाट काढणाऱ्याचे कौतुक करतात. विचारांच्या प्रांतात हे कौतुक योग्यच आहे. चाकोरी सोडणारी माणसे नसती, तर नवे शोध लागले नसते आणि जुन्या रूढीही मोडल्या नसत्या. परंतु एक स्थळ असे आहे, की जेथे चाकोरी सोडण्यात शौर्य नाही आणि ती पाळण्यात कमीपणा नाही. ते स्थळ म्हणजे अरण्य.

अलीकडे अरण्य पाहण्याची आवड वाढली आहे, ही आनंदाची गोष्ट होय. चारही चाकांना इंजिनाचे बळ मिळणाऱ्या दणकट गाड्या आता पुष्कळांना ठाऊक झाल्या आहेत. खडक, चिखल, ओढे, चढउतार यांना त्या सहज पुरून उरतात. चारसहा सोबती जमवावेत, अशी एखादी गाडी घ्यावी आणि रस्ता सोडून थेट रानात शिरावे, असे अनेक तरुणांना वाटू लागले आहे. या इच्छेच्या मुळाशी निसर्गाची ओढ आहे, धाडसाची हौसही आहे. दोन्ही गोष्टी चांगल्याच. पण दोन चांगल्या गोष्टी एकत्र आल्या म्हणजे तिसरी चांगलीच निपजते, असा नियम नाही. म्हणून अरण्यात गाडी कोठे न्यावी आणि कोठे थांबवावी, याचा विचार केला पाहिजे.

बुलढाणा जिल्ह्याचे उदाहरण यासाठी फार उपयोगी आहे. या जिल्ह्याच्या मध्यातून अजिंठ्याच्या डोंगरांची रांग जाते. बुलढाण्याहून खामगावकडे निघालेला रस्ता बोथ्याच्या जंगलातून जातो, तेव्हा दोन्ही बाजूंना साग, सालई, धावडा आणि पळस यांची दाटी दिसू लागते. येथेच सुमारे २०५ चौरस किलोमीटर क्षेत्रात ज्ञानगंगा अभयारण्य पसरले आहे. ते १९९७ साली घोषित झाले. अस्वल आणि बिबट्या हे येथील प्रमुख रहिवासी. त्यांच्या जोडीला नीलगाय, रानडुक्कर, मोर आणि असंख्य लहान जीव. जिल्ह्याच्या उत्तर टोकाला संग्रामपूर तालुक्यात सातपुड्याच्या कुशीत अंबाबरवा अभयारण्य आहे; ते मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. या अरण्यांत उघड्या जीपगाडीतून फेरी करता येते. गाडीत सहा प्रवासी, एक चालक आणि वाट दाखवणारा एक मार्गदर्शक, असा हा लहानसा मेळा असतो.

अभयारण्य ही कोणीही केव्हाही शिरावे अशी मोकळी जागा नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या २७ व्या कलमाने तेथील प्रवेशावर बंधन घातले आहे. अभ्यास, छायाचित्रण किंवा पर्यटन यांसाठी २८ व्या कलमाप्रमाणे परवाना घ्यावा लागतो. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने २०१२ साली व्याघ्र प्रकल्पांसाठी आणखी नियम घालून दिले. वन्यप्राण्यापासून किमान २० मीटर दूर राहावे, प्राणी पाहताना दोन गाड्यांत ५० मीटर अंतर ठेवावे, एका ठिकाणी पंधरा मिनिटांहून अधिक थांबू नये, प्राण्याला वेढा घालू नये की आमिष दाखवू नये, असे ते नियम आहेत. उतावळ्या प्रवाशाला हे नियम जाचक वाटतात. वाघ समोर असताना घड्याळ कोण पाहील, असे तो म्हणतो. पण पाहुण्याने यजमानाच्या घरी किती वेळ बसावे, हे पाहुण्याच्या हौसेवर नव्हे, तर यजमानाच्या सोयीवर ठरते; आणि अरण्यात यजमान कोण, हे सांगण्याची गरज नाही.

गाडीने वाट सोडली, तर नेमके काय बिघडते? वरवर पाहता काहीच नाही. गवत दबते आणि पुन्हा उभे राहते. पण खरी हानी गवताखाली होते. जिवंत मातीत हवेची बारीक छिद्रे असतात. त्यांतून पाणी मुरते, मुळे श्वास घेतात, बी अंकुर वर ढकलते. जड गाडीचे चाक एकदा फिरले, की ही छिद्रे दबून जातात. मग पावसाचे पाणी मुरत नाही. ते चाकाच्या खुणेतूनच उताराकडे धावते, माती वाहून नेते आणि डोंगराच्या अंगावर घळ पडते. ज्ञानगंगेच्या परिसरात डोंगरउतारांवर मातीचा थर आधीच पातळ. जी माती तयार व्हायला शतके लागली, ती काही पावसाळ्यांत निघून जाते. शिवाय चाकाला चिकटलेल्या चिखलातून गाजरगवतासारख्या उपद्रवी तणांचे बी रानाच्या पोटात पोचते. गाडी निघून जाते. तण मात्र मुक्कामाला राहते.

जमिनीवरच ज्यांचा संसार आहे, त्यांचा विचार तर कोणाच्या मनातही येत नाही. टिटवी खड्यांच्या रंगाची अंडी उघड्या माळावर खड्यांतच घालते. रातवा हा पक्षी घरटे बांधत नाही. वाळलेल्या पाल्यावर त्याची अंडी असतात. हा रंगांचा मेळ शत्रूला फसवण्यासाठी निसर्गाने घडवला आहे. पण त्याने कोल्हा फसतो, तसा गाडीचा चालकही फसतो. कोल्ह्याला अंडी दिसत नाहीत, म्हणून ती वाचतात. चालकाला ती दिसत नाहीत, म्हणून ती चिरडतात. अस्वल ज्या वारुळांवर पोट भरते, ती वारुळेही चाकाखाली याच रीतीने मोडतात. यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो. अज्ञानाने केलेली हानी हेतुपुरस्सर केलेल्या हानीपेक्षा लहान नसते, एवढेच.

या रानाची किंमत एका वाघाने साऱ्या जगाला दाखवून दिली आहे. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेल्या या नर वाघाला २०१९ च्या फेब्रुवारीत गळपट्टा बसवण्यात आला. त्या पट्ट्यातील यंत्र उपग्रहाच्या साह्याने त्याचा ठावठिकाणा कळवीत असे. त्याच वर्षी पावसाळ्याच्या तोंडी वाघ नव्या मुलखाच्या शोधात निघाला. तेलंगणातील आदिलाबाद आणि मराठवाडा-विदर्भातील कित्येक तालुके ओलांडीत, सुमारे पाच महिन्यांत १३०० किलोमीटरांची वाट तुडवून तो डिसेंबरच्या आरंभी ज्ञानगंगेच्या रानात येऊन पोचला. लोकांनी त्याला 'वॉकर' असे नाव दिले. शेते, नद्या, महामार्ग यांमधून तो प्रामुख्याने रात्री चालत गेला. एवढ्या प्रवासात माणसाशी त्याचा संघर्ष एकदाच घडल्याची नोंद आहे. ज्या झुडपांत तो विसावला होता, तेथे काही माणसे शिरली आणि त्यांतील एकजण जखमी झाला. या प्रसंगात वाट कोणी सोडली होती? माणसांनीच. वाघ माणसाला टाळीत शेकडो किलोमीटर गेला. माणसाला मात्र त्याची विश्रांतीची जागा सोडवली नाही. पुढे मार्च २०२१ मध्ये दुसरा एक वाघ गौताळा औट्रमघाट अभयारण्यात कॅमेऱ्याने टिपला. रानांचे तुकडे एकमेकांना जोडलेले राहिले, तरच असे प्रवास होऊ शकतात. आणि प्रत्येक नवी चाकवाट त्या तुकड्यांचे आणखी तुकडे करते.

गाड्या वाटेवरच असल्या, तरी त्या वाटेची मर्यादा राखली नाही तर काय होते, हे ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात दिसून आले. तेथे एक वाघीण आपल्या पाच बछड्यांसह वाटेवर आली असता पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी वाट अडवली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या प्रकाराची स्वतःहून दखल घेतली. त्यांतील प्रत्येक गाडीत मोजकीच माणसे होती. प्रत्येक मेळा आपल्यापुरता लहानच होता. यावरून एक गोष्ट ध्यानात येते. मेळा लहान असणे हा गुण खरा, पण तेवढ्याने भागत नाही. संख्येइतकीच वृत्तीही लहान, म्हणजे नम्र, असावी लागते.

याविरुद्ध काही आक्षेप घेतले जातात. कुशल चालक रानाला धक्का न लावता गाडी काढू शकतो, असा पहिला आक्षेप. कौशल्याने गाडी वाचते, गाडीतील माणसे वाचतात. चाकाखालची माती कौशल्याने हलकी होत नाही. आणि एका कुशल चालकाची चाकखूण पाहून मागून दहा अकुशल चालक येतात. ज्यांना अवघड जमिनीवर गाडी चालवण्याची विद्या साधायची आहे, त्यांनी ती अवश्य साधावी. पूर, दरड, अपघात अशा वेळी ती उपयोगी पडते. पण तिच्या सरावासाठी पडीक जमिनी आहेत, सोडून दिलेल्या खाणी आहेत, मुद्दाम तयार केलेली मैदानेही आहेत. पोहणे शिकण्यासाठी कोणी पिण्याच्या पाण्याच्या हौदात उतरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पर्यटनामुळे रानालगतच्या गावांतील तरुणांना रोजगार मिळतो. बंधने वाढवली तर तो बुडेल, असे म्हटले जाते. चालक, मार्गदर्शक, निवासाची सोय करणारे यांची चूल या फेऱ्यांवर पेटते, हे खरेच आहे. पण त्यांची भाकरी रान जिवंत असेपर्यंतच आहे. रानाची शांतता गेली, की प्राणी आत सरकतात. प्राणी दिसेनासे झाले, की प्रवासी दुसरीकडे वळतात आणि गावकरी होते तेथेच राहतात. मार्गदर्शकाला अधिक बक्षिशीचे आमिष दाखवून गाडी वाटेबाहेर काढायला लावणारा प्रवासी त्याचे भले करीत नसतो. तो त्याचे उद्याचे काम आजच विकत घेत असतो.

येथे न्यायाचाही प्रश्न आहे. अभयारण्य झाले, तेव्हा भोवतालच्या गावांनी पुष्कळ काही सोडले. पूर्वीसारखी गुरे चारता येईनात, सरपण आणता येईना. अंबाबरव्याच्या जंगलातील काही गावांनी तर पिढ्यान्‌पिढ्यांची घरे सोडून पुनर्वसन पत्करले. ज्याची गाय कुरणात शिरू शकत नाही, त्याच्या डोळ्यांदेखत शहरातल्या पाहुण्याची गाडी त्याच कुरणातून उधळत गेली, तर त्याला काय वाटेल? गरजेसाठी पाऊल टाकणाऱ्याला मनाई आणि हौसेसाठी चाक फिरवणाऱ्याला मुभा, असा न्याय कोणत्याही समाजाला शोभत नाही. रान सर्वांचे आहे. म्हणूनच त्याचे नियमही सर्वांना सारखेच लागू झाले पाहिजेत.

आणि वाटेवरून जाणाऱ्याचे असे काय हुकते? रानातील मातीची वाट ही माणसासाठीच असते, असे नाही. रात्री बिबट्या त्याच मऊ धुळीवरून चालतो, अस्वल ती ओलांडते, साळिंदर तिच्यावर आपला काटा टाकून जाते. पहाटेच्या पहिल्या फेरीत मार्गदर्शक गाडी थांबवून या खुणा दाखवतो. पाऊल मोठे की लहान, नवे की शिळे, प्राणी धावत होता की रमत गेला, हे तो सांगतो. इंजिन बंद केले, की वानराची इशारत ऐकू येते. तिच्या रोखाने पाहिले, तर फांद्यांची हालचाल दिसते. सहा जणांच्या मेळ्यात हे सगळे ऐकता येते, विचारता येते, समजून घेता येते. लहान मेळ्याचे खरे मोल येथे आहे. अवघड जागी शिरता येते, यात ते नाही. वाघ दिसला नाही म्हणून फेरी फुकट गेली, असे म्हणणारा माणूस एका ओळीसाठी सारा ग्रंथ बाजूला ठेवतो.

वऱ्हाडातील शेतकरी गाडी हाकताना उभ्या पिकातून कधी वाट काढीत नाही. वळसा पडला तरी चालेल, पण तो धुऱ्याधुऱ्यानेच जातो. शेत दुसऱ्याचे असले तरी पीक हे पीक आहे, ही जाणीव त्याला कोणत्या कायद्याने शिकवलेली नाही. रान हेही एक उभे पीकच आहे. ते कोणी पेरले नाही आणि कोणाला कापायचे नाही, एवढाच फरक. पुढच्या पिढ्यांनी पाहावे म्हणून ते उभे ठेवायचे आहे. त्यातून जाताना जो चाकोरी पाळतो, तो भित्रा नव्हे; आपली हौस कोठे थांबवायची हे त्याला कळलेले असते, आणि हे कळणे हेच अरण्यातील धाडस होय.