क्रोमपेटचा जमाखर्च

चेन्नईहून तांबरमकडे जाणाऱ्या लोकलच्या मार्गावर क्रोमपेट नावाचे स्थानक लागते. तामिळ ‘पेट्टै’ आणि आपली ‘पेठ’ यांचा अर्थ एकच; परंतु ही पेठ कोणा सरदाराच्या वा सावकाराच्या नावाने वसलेली नसून, विसाव्या शतकाच्या आरंभी येथे उभ्या राहिलेल्या क्रोम लेदर कंपनीच्या, म्हणजे पर्यायाने एका धातूच्याच, नावाने ओळखली जाते. झाडांच्या सालींनी कातडे कमावण्यास जेथे आठवडेच्या आठवडे लागत, तेथे क्रोमच्या क्षारांनी ते काम दोन-तीन दिवसांत उरकू लागले. शेजारच्या पल्लावरमपर्यंत टॅनऱ्या पसरल्या, हजारो घरांच्या चुली त्यांवर पेटल्या, आणि त्या समृद्धीची किंमत त्या परिसरातील विहिरींनी मोजली.

प्रदूषणाचे नियंत्रण हा कारखानदारावर सरकारने लादलेला भुर्दंड होय, ही आपल्याकडची रूढ समजूत मला मुळातच सदोष वाटते. लाकडी पिंपात घातलेल्या क्रोमपैकी साधारणतः ६० ते ७० टक्केच कातड्यात मुरते. उरलेला, रोख पैसे मोजून घेतलेला माल हिरवट-निळ्या पाण्याबरोबर मोरीतून वाहून जातो. तेच पाणी निराळे साठवून त्यात मॅग्नेशियम ऑक्साइड ढवळले, तर रात्रभरात क्रोमचा हिरवा गाळ तळाशी बसतो, आणि सकाळी वरचे निवळ काढून तो गाळ गंधकाम्लात विरघळविला की पुन्हा कमावणीस चालणारा क्रोम हाती येतो. अड्यार येथे १९४८ साली स्थापन झालेल्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने असले उपाय टॅनरीच्या दारापर्यंत नेले. मात्र त्यासाठी क्रोमच्या पाण्याची मोरी वेगळी हवी, आणि ती इमारतीचा नकाशा काढतानाच वेगळी काढावी लागते. सगळी पाणी एकदा एकत्र झाली की स्वस्त उपायाची वेळ टळते.

मिठाचेही तसेच. कातडे सडू नये म्हणून चोळलेले मीठ, भिजविण्यापूर्वी ते कातडे लाकडी चौकटीवर आपटून झटकले, तर केरसुणीने गोळा करता येते. तेच पाण्यात विरघळू दिले, तर ते परत मिळविण्यासाठी रिव्हर्स ऑस्मोसिसची यंत्रे आणि बाष्पीभवनाच्या भट्ट्या चालवाव्या लागतात. केरसुणीचा खर्च आणि भट्टीच्या इंधनाचा खर्च यांत जे अंतर आहे, त्यालाच मी नियोजन म्हणतो.

वेल्लोर सिटिझन्स वेल्फेअर फोरमच्या याचिकेवर २८ ऑगस्ट १९९६ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. कुलदीप सिंग यांच्या खंडपीठाने, जो प्रदूषण करील त्यानेच भरपाई द्यावी, हे तत्त्व या देशाच्या कायद्याचा भाग असल्याचे जाहीर केले, आणि पल्लावरम ज्यात मोडे त्या चेंगई जिल्ह्यासह पाच जिल्ह्यांतील टॅनऱ्यांना प्रत्येकी १०,००० रुपये दंड केला. निकाल रास्तच होता. परंतु दहा-वीस मजुरांच्या टॅनरीच्या मालकाला स्वतंत्र प्रक्रिया केंद्र झेपणे अशक्य; म्हणून सामाईक केंद्रे निघाली आणि त्यांच्या भांडवलाचा मोठा वाटा केंद्र व राज्य सरकारांनी उचलला, हेही योग्यच झाले. माझे म्हणणे एवढेच, की अशा केंद्राची वर्गणी केवळ किती पाणी सोडले यावर न ठरविता त्यात किती क्रोम आणि किती मीठ आहे यावर ठरवावी, म्हणजे दक्ष मालकाच्या पदरात त्याच्या दक्षतेचे फळ त्याच महिन्याच्या बिलात पडेल.

आणि गाळाचे काय? ३१ जानेवारी २०१५ च्या पहाटे राणीपेटच्या सामाईक केंद्रातील गाळाच्या टाकीची भिंत कोसळली आणि लगतच्या टॅनरीत झोपलेली १० माणसे त्या गाळात गुदमरून मेली. पोटासाठी परमुलखातून आलेले मजूर होते ते बहुतेक. पाणी शुद्ध केल्यावर मागे राहिलेला गाळ आणि मीठ कोठे, किती वर्षे व कोणाच्या खर्चाने ठेवणार, याची तरतूद मूळ अंदाजपत्रकात दाखविल्यावाचून यापुढे कोणत्याही कारखान्याचा परवाना मंजूर होऊ नये. मद्रासेकडे नाही, आणि आमच्या महाराष्ट्राच्या औद्योगिक वसाहतींतही नाही.